आधी ब्रेक, मग फेरी

गावात सायकलचा प्रसार करायचा म्हटलं की पहिला ठराव फेरीचा होतो. बॅनर छापले जातात, टोप्या येतात, सरपंच झेंडा दाखवतात. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात शाळकरी मुलांबरोबर हे काम करताना आमच्या गटाने क्रम उलटा ठेवला. आधी सायकली, मग मुलांचा सराव, मग रस्ता, आणि फेरी सगळ्यांत शेवटी.

याचं कारण इथल्या परिस्थितीत आहे. मळ्यातल्या वस्त्यांवरून तीन-चार किलोमीटर सायकल मारत येणारी मुलं-मुली इथे आधीपासून आहेत, त्यांना सायकलची गोडी नव्याने लावायची गरज नाही. ती सायकल सोडतात ती तीनच कारणांनी: ब्रेक लागत नाही म्हणून एकदा पडतात, वाटेत पंक्चर होऊन शाळा बुडते, किंवा उसाची ट्रॉली अंगावर आल्यासारखी जवळून जाते आणि आई-वडील दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकलवर सोडू लागतात. मुलगी असेल तर हा निर्णय आणखी लवकर होतो. म्हणून आमच्या लेखी सायकलचा प्रसार म्हणजे ही तीन कारणं दूर करणं.

तपासणीची वेळ जूनची धरायची. शाळा जूनच्या मध्याला उघडते. उन्हाळाभर सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून असते, ट्यूबमधली हवा गेलेली, ब्रेकची वायर आत गंजून धरलेली. तशीच ती पहिल्या पावसात रस्त्यावर येते. शाळा सुरू होऊन मुलं स्थिरावली की पहिल्या पंधरवड्यातच शिबिर लावतो. मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं, आणि पालकांसाठी एक चिठ्ठी मुलांबरोबर पाठवायची. तिच्यात दोनच गोष्टी: सायकल अमुक दिवशी धुऊन आणावी, आणि एखादा सुटा भाग बदलण्याआधी त्यांना विचारावं की नाही. चिखलाने भरलेली सायकल तपासता येत नाही. रिमला चीर गेली आहे का, स्पोक सैल आहे का, काही दिसत नाही.

गावातला सायकल दुकानदार पहिल्या दिवसापासून बरोबर हवा, आणि त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्यायची. फुकट शिबिराने आपलं गिऱ्हाईक जाईल असं त्याला वाटलं तर पुढे वर्षभर मुलांची सायकल दुरुस्त करायला कोणीच उरत नाही. आम्ही ब्रेकचे रबर, वायर आणि चमकपट्टी शिबिराच्या खर्चातून देतो, कारण हा जिवाचा भाग आहे. टायर, चेन, पायडल, सीट यांची चिठ्ठी पालकांना जाते, भावासकट, आणि काम दुकानात होतं. शंभर सायकलींमागे ब्रेकच्या रबराच्या साठेक जोड्या, पुढच्या-मागच्या मिळून पंचवीस-तीस वायरी, वालट्यूबचं (व्हॉल्व्हवर चढवायच्या रबरी नळीचं) एक मोठं पाकीट, आणि वेगवेगळ्या मापांचे नट-वायसर एवढं सामान पुरतं. पाने मात्र दोन-दोन हवेत: आठ, नऊ, दहा, चौदा, पंधरा. एका सायकलीला सात-आठ मिनिटं धरली तर दोन टेबलांवर तासाला पंधराच्या आसपास होतात. त्याहून घाई केली की माणूस फक्त हवा भरत सुटतो.

सुरुवात हवेपासून. टायरच्या कडेला दाबाचा आकडा छापलेला असतो. साध्या सायकलीला तो बहुतेक ४० ते ५० पीएसआयच्या दरम्यान असतो. कमी हवेची सायकल ओढायला जड जाते आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेंगरते; शेजारीशेजारी दोन भोकं दिसली की कारण हेच समजावं. हवा रोज थोडी उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल तर वालट्यूब बदलावी. हे रबर उन्हाने चिरतं, आणि जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये हवा धरून ठेवणारा भाग तोच असतो.

मग ब्रेक, आणि इथे वेळ घालवायचा. नियम सोपा आहे: लिव्हर पूर्ण दाबली तरी ती आणि हँडल यांत दोन बोटांची जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर आधी वायर ताणण्याच्या नटाकडे जायचं नाही, रबर पाहायचा. झिजून त्यावरच्या खाचा बुजल्या असतील तर वायर कितीही ताणली तरी उपयोग नाही, उलट रबर संपून लोखंडी पट्टी रिमला लागते. नवीन रबर बसवताना रिमपासून दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवायचं आणि तो टायरला कुठेही टेकत नाही हे पाहायचं. टायरला घासणारा रबर आठवड्याभरात टायरची बाजू कापतो. काही सायकलींत रबर धरणाऱ्या खोबणीचं एक तोंड उघडं असतं. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेचं तोंड बंद असलं पाहिजे. उलटं बसलं तर जोरात ब्रेक मारल्यावर रबर खोबणीतून सरकून बाहेर पडतो, म्हणजे ब्रेक सर्वांत गरजेच्या क्षणी जातो. घाईत जोडलेल्या नव्या सायकलींत ही चूक दिसते, म्हणून नवी सायकल बिनतपासणीची सोडू नये.

वडिलांची जुनी, दांडीच्या ब्रेकची सायकल आणणारी मुलं अजून आहेत. त्यात रबर रिमच्या आतल्या बाजूला वर ओढला जातो. दांड्या जोडणारे छोटे स्क्रू सैल पडले की लिव्हर दाबली जाते आणि खाली काहीच हलत नाही. दांडी हाताने ओढून पाहावी. खेळ कुठल्या सांध्यात आहे ते लगेच कळतं.

वायरची गोष्ट पावसाळ्याची. बाहेरच्या आवरणात पाणी शिरतं, गंज धरतो, लिव्हर सोडली तरी रबर परत येत नाही. मुलं मग ब्रेक घासतो म्हणून नट सैल करून टाकतात आणि बिनब्रेकची फिरतात. आवरणाच्या तोंडात मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडून लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबली तर बहुतेक वायरी मोकळ्या होतात. लिव्हरच्या तोंडाशी एक जरी तार तुटलेली दिसली तर वायर बदलायची, तिथे काटकसर नाही.

हँडलसाठी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळायचं. चाक न हलता हँडल फिरलं तर मधला बोल्ट आवळायचा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची; हँडलच्या खाली टकटक झाली तर तिथल्या बेअरिंगच्या कपात खेळ आहे. चाकांचे नट दोन्ही बाजूंनी पाहायचे. रस्त्यावर पंक्चर काढल्यावर वायसर हरवतो, एकाच बाजूचा नट आवळला जातो, आणि मागचं चाक चेनच्या ओढीने तिरपं होऊन चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, घासू लागतं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, वर-खाली करून कट्ट आवाज आला तर तो धरून ठेवणारी कॉटर पिन सैल समजावी. ती हातोडीने ठोकून काही दिवस चालते, पण पुन्हा सैल झाल्यावर बदलणंच बरं. बदलताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. मुलं तो नेहमीच्या दिशेने आवळायला जातात आणि सोडवून बसतात.

चेन मधोमध वर-खाली एक ते दीड सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल चेन उतरते, आणि ती उतरते नेमकी चढावर उभं राहून जोर लावताना. ग्रीस लावू नये. या भागातली काळी माती आणि उसाच्या फडातली धूळ ग्रीसमध्ये मिसळून चेन घासते. पातळ तेल, आणि वरचं फडक्याने पुसून टाकायचं.

मुलींच्या सायकलींत चेनचं झाकण आणि मागच्या चाकाची जाळी आहे का ते आवर्जून बघतो. जाळी वाजते म्हणून काढून टाकलेली असते. ओढणी चाकात गेली की गळ्याला फास बसतो किंवा मुलगी मागे ओढली जाते, म्हणून जाळी पुन्हा बसवायची, आणि ओढणी मागे सोडायची नाही, दोन्ही टोकं कमरेला बांधायची. जाळीचा दुसरा उपयोग कॅरियरवर बसणाऱ्या धाकट्या भावंडांसाठी. त्यांचा पाय स्पोकमध्ये जाऊन घोट्याला आणि टाचेला होणारी जखम फार वाईट असते, बरी व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. डबा आणि पिशवी हँडलला अडकवू नये. वळताना ती पुढच्या चाकात जाते. ट्यूबच्या रबराने कॅरियरला बांधावी.

जी सायकल चालवण्याजोगी नाही, ती आम्ही ठेवून घेत नाही. मूल चार किलोमीटर घरी कसं जाणार? पालकांना फोन करतो, चिठ्ठीवर काय बिघडलं आहे ते लिहितो, आणि जमलं तर त्याच दिवशी दुकानात लावतो.

चमकपट्टी स्वतंत्र टेबलावर. हिवाळ्यात जादा तासाला येणारी मुलं पहाटेच्या अंधारात आणि धुक्यात निघतात. गडद कपड्यातलं मूल मोटारीच्या दिव्यात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरने येणारं वाहन सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापतं, म्हणून दोन-तीन सेकंद आधी दिसण्यावर सगळं अवलंबून आहे. मागच्या मडगार्डवर लाल दहा सेंटिमीटर, पुढच्या चिमट्यावर पांढरी दहा सेंटिमीटर, आणि चारही पायडलकडांना पिवळी पाच-पाच सेंटिमीटर, उभी चिरून अर्धी केलेली. पाच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीचा हिशेब शंभर सायकलींना लाल १०, पांढरी १० आणि पिवळी १० मीटर असा बसतो. वर दहा टक्के वाया जाते. पायडलची पट्टी महत्त्वाची. वर-खाली हलणारे दोन ठिपके दिसले की ड्रायव्हरला पुढे माणूस आहे हे क्षणात कळतं, स्थिर ठिपका मैलाच्या दगडासारखा वाटतो. पट्टी निघून येते ती तेलकट मडगार्डवर लावल्यामुळे. साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडं करून, स्पिरिटचा बोळा फिरवून मग चिकटवावी आणि अंगठ्याने कडा दाबाव्यात. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, पण गावात चालणाऱ्या जुन्या सायकलींवरचे परावर्तक केव्हाच तुटून गेलेले असतात. त्या सायकलींना पट्टी आपणच लावायला हवी.

हेल्मेटबद्दल पालक हमखास विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे, सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. तरी घालावं. पण पैसे मोजके असतील तर आमचं मत ठाम आहे: आधी ब्रेक, मग चमकपट्टी, मग हेल्मेट. हेल्मेट पडल्यावर वाचवतं, पहिले दोन पडूच देत नाहीत. घेतलंच तर भुवईच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली मिळणारे, आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढंच सैल. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळाला उपयोगाचं नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं.

सराव शाळेच्या मैदानावर, चुन्याच्या रेघा मारून घेतो. मुलं सायकल चालवायला शिकलेली असतात, पण थांबायला शिकलेली नसतात. पुढच्या ब्रेकने पालथं पडतो अशी त्यांची पक्की समजूत असते, म्हणून सगळी फक्त मागचा दाबतात, मागचं चाक घसरतं आणि सायकल लांबवर जाते. आधी कोणती लिव्हर कोणत्या चाकाची आहे ते प्रत्येकाने आपल्या सायकलीवर दाबून बघायचं, कारण सगळ्या सायकलींत ते सारखं नसतं. मग बूड थोडं मागे सरकवून, हात ताठ ठेवून, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या जोराने. रेघेवर ब्रेक सुरू करायचा आणि चाक जिथे थांबेल तिथे खूण करायची. त्यानंतर रिमवर बादलीभर पाणी ओतून तेच पुन्हा. स्टीलच्या रिमवर ओलं असताना थांबायचं अंतर दुपटीच्या पुढे गेलेलं मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, कारण पहिले काही फेरे रबर नुसतं पाणी पुसत असतो. पावसात उतार लागण्याआधी ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घ्यायची, हे एवढ्याने कायमचं लक्षात राहतं. तोंडी सांगून राहत नाही.

दुसरा सराव मागे बघण्याचा. दीड मीटर रुंदीच्या पट्ट्यातून सरळ जाताना मागे उभे असलेले सर बोटांनी आकडा दाखवतात, तो उजव्या खांद्यावरून पाहून मोठ्याने सांगायचा आणि रेघ ओलांडायची नाही. नव्वद टक्के मुलं पहिल्यांदा उजवीकडे झुकतात. मान वळली की हँडल वळतं, हे त्याचं कारण. डावा हात सैल ठेवला की सुधारतं. हे जमल्याशिवाय उजवीकडे वळण्याचा इशारा शिकवू नये. राज्यमार्गावर तर लहान मुलांना आम्ही चालत्या सायकलीवरून उजवीकडे वळायलाच सांगत नाही. डावीकडे थांबायचं, उतरायचं, दोन्ही बाजू पाहून सायकल हातात धरून ओलांडायचं. आणि एक जुनी समजूत मोडावी लागते: समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या बाजूने चालणं पायी जाणाऱ्यासाठी ठीक आहे, सायकलीसाठी नाही. सायकल डाव्या बाजूनेच, वाहतुकीच्या दिशेने, पण साइडपट्टीच्या अगदी कडेवर नाही. डांबराची कड तुटून चार-पाच इंच खाली गेलेली असते, तिथे चाक उतरलं की परत वर चढताना सायकल आडवी होते.

पंक्चर मुलींनाही मुलांइतकंच आलं पाहिजे. कालव्याच्या रस्त्याने बाभळीचे काटे असतात. ट्यूब पाण्यात बुडवून भोक सापडलं की घासकागदाने जागा खरखरीत करायची, सोल्यूशन पातळ लावायचं आणि चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं. बोटाला ओलं लागेनासं झाल्यावरच ठिगळ दाबायचं. ओल्यावर लावलेलं ठिगळ सुटतं, आणि घाईत सगळे तेच करतात. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट हलकेच फिरवायचं; काटा तिथेच असेल तर शंभर पावलांवर पुन्हा पंक्चर.

रस्त्याचं काम वर्षभर चालतं. मुलांना मोठ्या कागदावर आपली वाट काढायला सांगतो आणि जिथे भीती वाटते तिथे लाल खूण. अरुंद पूल, वळणावर रस्त्याला भिडलेला ऊस, न रंगवलेला गतिरोधक, या जागा अनेक मुलांच्या कागदांवर एकच निघतात. मग रस्ता कुणाचा ते पाहायचं. मैलाच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर राज्यमार्ग. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. एका अर्जात एकच मागणी: किलोमीटरचा दगड, फोटो, फोटोत टेपने मोजलेली साइडपट्टीची खोली, आणि किती विद्यार्थी तिथून जातात. आवक क्रमांक घ्यायचा, ग्रामसभेचा ठराव जोडायचा. उत्तर आलं नाही तर तोच कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे. वळणावरच्या उसासाठी कार्यालय लागत नाही. शेतकऱ्याला जागेवर नेऊन मुलाच्या उंचीवरून काय दिसतं ते दाखवलं की आतल्या बाजूच्या दोन-तीन सरी पुढच्या लागणीत मोकळ्या ठेवायला बरेच जण तयार होतात.

ट्रॉल्यांचं वेळापत्रक साखर कारखान्याच्या हाती. बॉयलर पेटण्याआधी ऑक्टोबरमध्ये शेती विभागाला भेटावं, कारण गाळप सुरू झाल्यावर कुणाला वेळ नसतो. ट्रॅक्टर वजनकाट्यावर रांगेत उभे असतात, तिथेच मागच्या ट्रॉलीला लाल पट्टी लावता येते. मात्र ती ट्रॉलीच्या लोखंडी फळीवर वर लावून भागत नाही. बाहेर आलेल्या उसाने ती झाकली जाते. चाकाच्या उंचीवर, दोन्ही टोकांना लावायची. मुलांना एकच गोष्ट पक्की सांगायची: दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कधी शिरायचं नाही, आणि ट्रॉली वळत असेल तर तिच्या आतल्या बाजूला थांबायचं नाही, कारण मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत कापत येते.

अपघात झालाच तर १०८ ला फोन. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, हे पालकसभेत वाचून दाखवतो. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे.

एवढं झाल्यावर फेरी. जागतिक सायकल दिन ३ जूनला येतो, पण तेव्हा सुट्टी असते, म्हणून आम्ही फेरी जुलैत पावसाची उघडीप पाहून काढतो. आठ-दहा मुलांचा एक गट, पुढे एक मोठा माणूस, मागे एक, गटांमध्ये मोटारीला शिरून पुढे जाता येईल एवढं अंतर. तीच रचना पुढे रोजच्या येण्या-जाण्याला लावायची. एकाच वस्तीवरची मुलं ठरल्या वेळी ठरल्या जागी जमतात, मोठी मुलगी किंवा मुलगा शेवटी राहतो. याचा पालकांवर कोणत्याही भाषणापेक्षा जास्त परिणाम होतो. शाळेने सायकल लावायला सावली आणि शिपायांच्या ताब्यात एक पंप एवढं केलं तरी पुष्कळ झालं. उन्हात तापलेली ट्यूब दुपारी सुटते आणि मुलं चालत घरी जातात.

दुसरी तपासणी दिवाळीच्या सुट्टीनंतर, गाळप भरात यायच्या आत. तेव्हा पूर्ण शिबिर लागत नाही. शाळेच्या फाटकाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक सायकलीची लिव्हर दाबायची, मागची चमकपट्टी बघायची, आणि जिच्यात दोन बोटांची जागा उरत नाही तिला बाजूला घ्यायचं. जूनच्या तपासणीच्या नोंदकार्डावर त्या सायकलीच्या चासी नंबरापुढे, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकापुढे, काय बदललं होतं ते लिहिलेलं असतं. त्याच सायकलीचा रबर पुन्हा संपला असेल तर रबराला दोष न देता चाकाचा आउट, म्हणजे फिरताना ते डुलतं का, हे तपासावं.